क्रेटबुलच्या चुली

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियर गावी निळ्या तळ्याच्या कठड्यापाशी पोहोचल्यावर आईने रंगाबद्दल काहीच म्हटले नाही. तिने थोडा वेळ खाली पाहिले आणि विचारले, "खाली उतरायची वाट कुठून आहे गं?" वाट नाही, असे मी सांगितले. हे पिण्याच्या पाण्याचे तळे आहे, सगळीकडून कुंपण आहे आणि लोकांना पाण्यात उतरू देत नाहीत, हेही सांगितले. तिने मान डोलावली. पण तिचा उजवा हात कठड्यावरून पुढे गेलेला होता, तो तिने मागे घेतला नाही. डिसेंबरची दुपार होती, वारा दक्षिणेच्या समुद्रावरून येत होता, आणि त्या अशक्य वाटणाऱ्या निळ्या पाण्याच्या कितीतरी वर तिची पाच बोटे तशीच पसरलेली होती. आजूबाजूचे लोक फोटो काढत होते. पाणी इतके देखणे असावे आणि त्याला माणसाने शिवू नये, ही गोष्ट आईच्या हाताला पटत नव्हती, आणि तो हात पाहून मलाही ती पटेनाशी झाली.

आई मेहकरची. तिच्या लहानपणी नवरात्रात लोणारला जाणे ठरलेले असे. आधी काठावरच्या धारेखाली अंघोळ, मग झाडीतून विवराच्या तळाशी उतरून कमळजा देवीचे दर्शन. तळ्याचे पाणी खारट आणि सोड्यासारखे बुळबुळीत, वासही उग्र; तरी वाकून त्याला हात लावल्यावाचून कुणी परतत नसे. उल्का पडून बेसॉल्टच्या कातळात झालेले ते विवर, त्याचा जवळजवळ १.८ किलोमीटरचा व्यास, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेले पाणी, हे सारे तिने पुढे वर्तमानपत्रांत वाचले. तिच्या मनातले लोणार मात्र हातांना ठाऊक असलेले आहे. म्हणून ती माझ्याकडे मेलबर्नला आली तेव्हा तिला दाखवायच्या ठिकाणांत मी माउंट गॅम्बियर घातले. गोल खोलगट जमीन आणि तिच्या तळाशी पाणी हे दृश्य तिला ओळखीचे वाटेल, असा माझा अंदाज होता, आणि तो बरोबर ठरला. त्या ओळखीमुळेच तर तिने वाट विचारली.

मेलबर्नहून हे गाव दिवसभराच्या प्रवासाचे आहे. व्हिक्टोरिया राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ अर्धा तास मागे जाते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची लागवड सुरू होते, आणि मग त्या सपाट मुलखात टेकडीची एक कडा उठलेली दिसते. गाव तिच्या उतरणीला वसले आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. जुन्या इमारती तिथल्याच पांढऱ्या चुनखडीच्या. हा दगड इतका मऊ की पूर्वी तो करवतीने कापून त्याचे चिरे काढत. एका भिंतीजवळ जाऊन पाहिले तर चिऱ्यात शिंपल्यांचे तुकडे आणि जाळीदार बारीक कवचे स्पष्ट दिसत होती. नखाने खरवडल्यावर पिठासारखी पांढरी भुकटी बोटाला लागली. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेल्या जीवांचा हा दगड आहे. आम्ही काळ्या कातळाच्या प्रदेशातली माणसे. आमच्या दगडात जीवाची खूण शोधायला गेले तर हाताला लागत नाही. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी लाव्हा थंड झाला आणि तिथेच आमची गोष्ट थांबली. इथे मात्र ज्वालामुखी अगदी अलीकडचा आहे. तो साधारण पाच हजार वर्षांपूर्वी जागा झाला असावा, असे तिथे सांगतात. तेव्हा या भागात माणसे राहत होती.

त्या माणसांच्या, म्हणजे बोआंडिक लोकांच्या, कथेत या डोंगरांची हकीकत आली आहे. क्रेटबुल नावाचा एक महाकाय पुरुष बायकोमुलांसह राहायला जागा शोधत फिरत होता. त्यांनी आधी माउंट म्यूरहेडपाशी मुक्काम केला आणि जमिनीत चूल खणली. एका रात्री बुलिन नावाचा पक्षी ओरडला. तो दुष्ट शक्ती जवळ आल्याचा इशारा होता, म्हणून सारे कुटुंब पळाले. पुढे माउंट शँकपाशी पुन्हा चूल, पुन्हा तोच पक्षी, पुन्हा पळापळ. अखेर ते माउंट गॅम्बियरला आले, त्याला ते लोक बेरिन म्हणतात. तिथे पक्षी ओरडला नाही. कुटुंब स्थिरावले. पण एके दिवशी चुलीच्या तळातून पाणी वर आले आणि विस्तव विझला. त्यांनी शेजारी दुसरी चूल खणली, तिच्यातही पाणी आले. असे चार वेळा झाले. शेवटी चुलींचा नाद सोडून ते डोंगराच्या कुशीतल्या एका गुहेत राहायला गेले.

चार चुली, चार तळी.

मी ही कथा आईला तळ्याच्या काठाने चालताना सांगितली. तळ्याभोवतीची पायवाट ३.६ किलोमीटरची आहे आणि तिच्यावरून चालताना निळा रंग झाडांआड जातो आणि पुन्हा समोर येतो. कथा संपल्यावर आई म्हणाली, "म्हणजे रोडग्यांच्या अळ्यासारखी चूल असणार." आमच्याकडे देवाच्या जेवणाला शेतात गोवऱ्यांचा आर करून त्यात रोडगे भाजतात, विस्तव जमिनीत, वर राख, आणि भोवती माणसे. तिने ते इतक्या सहजपणे म्हटले की क्रेटबुलची बायको मला पहिल्यांदाच माणूस म्हणून दिसली. रात्री राखेखाली निखारे जपून ठेवणारी, आणि सकाळी उठून पाहते तो चुलीत पाणी. भूगर्भशास्त्र जे सांगते तेही याहून फार दूरचे नाही. वितळलेला खडक वर येताना चुनखडीत मुरलेल्या भूजलाला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली, त्या वाफेच्या स्फोटांनी जमीन फोडून हे खड्डे केले, आणि आग शमल्यावर तेच भूजल त्यांत चढले. आगीच्या जागी पाणी येणे ही या गावाची खरी घटना आहे. ती पाहिलेल्या कुणीतरी ती आपल्या मुलांना चुलीच्या भाषेत सांगितली असेल, असे मला वाटते. आणि ती सांगण्यासाठी चुलीइतकी योग्य दुसरी वस्तू मला सुचत नाही.

बोआंडिकांची ही भूमी १८४० च्या दशकात गोऱ्या मेंढपाळांनी बळकावली आणि त्यानंतर काही दशकांत ते लोक आपल्याच मुलखात उपरे होऊन विखुरले. डोंगराला गॅम्बियर हे नाव त्याआधीच, १८०० साली, लेडी नेल्सन या जहाजावरून किनारा पाहणाऱ्या लेफ्टनंट जेम्स ग्रँटने एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या नावावरून देऊन टाकले होते. तो उतरून इथवर आलाही नव्हता. २०२२ पासून अनेक ठिकाणांच्या पाट्यांवर दोन्ही नावे येऊ लागली आहेत: निळ्या तळ्याच्या पाटीवर वारवार, एका सिंकहोलच्या, म्हणजे जमीन खचून झालेल्या खड्ड्याच्या, पाटीवर बालुंबुल. पाटीपुढे उभे राहिले की बरे वाटते आणि त्याच क्षणी अपुरेही वाटते. नाव परत मिळाले, चुली मात्र मिळाल्या नाहीत.

रंगाचे कारण समजून घेतल्यावर रंग कमी सुंदर दिसेल अशी भीती काहींना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. मी हे तळे एकदा हिवाळ्यात पाहिले होते. तेव्हा ते करड्या पोलादी रंगाचे होते आणि मी त्याला फारसा वेळ दिला नव्हता. नोव्हेंबरच्या अखेरीस ऊन चढू लागते, वरच्या थरातले पाणी तापते, आणि चुनखडीतून विरघळून आलेला कॅल्शियम कार्बोनेट अतिसूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने पाण्यातून वेगळा होऊ लागतो. हे स्फटिक खाली बसताना पाण्याला पिवळट छटा देणारे सेंद्रिय पदार्थही सोबत नेतात, पाणी निवळते, आणि उरलेले बारीक कण निळा प्रकाश चहूकडे विखुरतात. थोड्याच दिवसांत तळे बदलते, आणि मार्चच्या सुमारास रंग पुन्हा उतरू लागतो. सत्तर मीटरांहून अधिक खोल असलेले हे पाणी निळे होते ते आपलाच दगड गाळून.

हे मला पुस्तकी वाक्यासारखे ठाऊक होते. त्याचा अर्थ कळला तो संध्याकाळी, स्वयंपाकघरात.

आम्ही उतरलो होतो ते घर एका वयस्क बाईंचे होते. शेजारच्या अर्ध्या भागात त्या स्वतः राहत. चहासाठी किटली उघडली तर आतल्या बाजूला पांढरा जाड थर. आईने मान वर करून माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात किल्ली द्यायला आलेल्या बाईंनी ते ओळखले आणि म्हणाल्या की किटली स्वच्छ आहे, दर महिन्याला व्हिनेगर उकळून त्या थर काढतात, पण इथल्या पाण्याला इलाज नाही. मग नळाकडे बोट करून त्यांनी सांगितले की दुपारी तुम्ही वरून पाहिले असेल तेच हे पाणी. १८८० च्या दशकापासून गाव याच तळ्यातून उपसून पाणी पिते. त्यांनी कपाटातून व्हिनेगरची बाटली काढली आणि किटलीच्या कडेला थोडे ओतून दाखवले. पांढऱ्या थरावर बारीक बुडबुडे उठले, फसफस आवाज झाला, आणि एक पापुद्रा सुटून तळाशी गेला. मी तो बोटाच्या टोकावर घेतला. खडूसारखा, कडेला धारदार, वजन नसलेला. ज्याने तळे निळे केले होते तेच द्रव्य माझ्या बोटावर होते. त्याआधी ते भिंतीच्या चिऱ्यात होते, आणि त्याच्याही आधी समुद्रतळाच्या कुण्या जीवाच्या अंगावर.

आईने किटलीची वाट पाहिली नाही. तिच्या पिशवीत प्रवासात नेहमी असते ती तांब्याची लहान लोटी होती. ती तिने नळाखाली धरली, भरली, डोळ्यांना पाणी लावले आणि उरलेले पिऊन टाकले. क्लोरीनचा हलका वास त्याला होता. तिने त्याकडे लक्ष दिले नाही. दुपारपासून माझ्या मनात जे खुपत होते ते तिथे हलके झाले, पण पूर्ण गेले नाही. टेकडीपलीकडच्या व्हॅली लेकमध्ये मुले पोहतात, होड्या चालतात, तिथे तिने सकाळीच पाय बुडवले होते. तिला निळे पाणी हवे होते आणि ते तिला मिळाले, रंग मागे ठेवून. तरीही कुंपणाबद्दल माझी तक्रार राहिली नाही. आपल्याकडे किती पवित्र पाणी आपण हात लावून, फुले वाहून, दिवे सोडून पिण्याच्या लायकीचे ठेवलेले नाही. इथे तळ्याला शिवायचे नाही असे ठरवून साऱ्या गावाच्या घरात ते पोहोचवले आहे. यातली अधिक भक्ती कुठली, हे ठरवण्याच्या भरीस मी पडणार नाही. आईला मात्र दोन्ही हवे आहे, आणि मला तिची बाजू समजते.

गावातून हिंडताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते: इथे नदी नाही, ओढाही नाही. पाऊस पडतो, भरपूर पडतो, पण तो वाहून कुठे जात नाही. चुनखडीत मुरतो. मुरताना किंचित आम्ल झालेले पाणी दगड विरघळवते, पोकळ्या होतात, आणि कधीतरी एखाद्या पोकळीचे छत कोसळून सिंकहोल तयार होते. गावाच्या ऐन मध्यावर, वाचनालयाला लागून, असे एक भगदाड आहे. त्याच्याभोवती गुलाबांची बाग केली आहे, आणि पहिल्या वसाहतकाऱ्यांनी आपले पाणी इथूनच शेंदले होते. गाव या भगदाडाभोवती वाढले. थोड्या अंतरावर एंगेलब्रेख्ट गुहा आहे. ती रस्त्यांच्या आणि घरांच्या खालून जाते, तिच्या तळाशी पाणी आहे आणि त्यात पाणबुडे उतरतात. एकेकाळी वरच्या मद्याच्या भट्टीची घाण आणि गावाचा कचरा याच गुहेत टाकत. आजही रस्त्यांवरचे पावसाचे पाणी शेकडो विंधनछिद्रांतून खालच्या चुनखडीत सोडतात, कारण ते दुसरीकडे नेणारा प्रवाहच नाही. म्हणजे रस्त्यावर सांडलेले तेल, बागेत मारलेले औषध, लाकडाच्या कारखान्यातले रसायन, जे जे खाली जाईल ते आपल्या पाण्याच्याच घरात जाईल. जिथे टाकून दिले की दिसेनासे होईल अशी जागा या गावाला नाही. मला वाटते, तशी जागा कुठल्याच गावाला नसते. फक्त इथे ती नसल्याचे जमीन दाखवून देते.

अम्फरस्टन सिंकहोल, म्हणजे बालुंबुल, हे या साऱ्यांत लोकांचे आवडते. जेम्स अम्फरस्टन नावाच्या जमीनदाराने १८८० च्या दशकात या कोसळलेल्या गुहेत बाग केली आणि ती लोकांना खुली ठेवली. तळाशी तेव्हा पाणी होते आणि त्यात होडी असे. त्याच्या पश्चात बाग उजाड झाली, कचऱ्याने भरली, आणि १९७० च्या दशकात शेजारच्या लाकूड गिरणीतल्या वनखात्याच्या कामगारांनी ती साफ करून पुन्हा उभी केली. पायऱ्या उतरताना हवा गार होत जाते. वरच्या कडेवरून आयव्हीच्या वेली जाड पडद्यांनी लोंबतात, मधमाश्यांचा घुमणारा आवाज भिंतींवरून परत येतो, आणि टप्प्याटप्प्यांवर हायड्रेंजियाचे निळे-जांभळे गुच्छ असतात. अंधार पडू लागला तसे वेलींमागच्या कपारींतून पॉसम उतरू लागले. एक मादी पोटाच्या पिशवीतल्या पिलासह कठड्यावर येऊन बसली आणि लोकांच्या हातातले सफरचंदाचे काप पुढच्या दोन्ही पंजांनी धरून खाऊ लागली. दात लागताना होणारा कुरकुर आवाज आईला ऐकू आला तेव्हा ती मोठ्याने हसली. तळाशी आता पाणी नाही. होडी बांधत ती जागा हिरवळीची आहे.

खाण्याचे म्हणाल तर या गावाने आम्हाला जमिनीतले आणि समुद्रातले दोन्ही दिले. शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे चेरी होत्या, मध होता, आसपासच्या दूधपट्ट्यातले चीज होते, आणि ज्वालामुखीच्या राखेच्या मातीतले बटाटे होते. आईने बटाटे एकेक हातात घेऊन निवडले; साल पातळ, अंगाला काळी भुसभुशीत माती. संध्याकाळी तिने त्यांचा रस्सा केला, सोबतच्या काळ्या मसाल्याचा, आणि बटाटा शिजून फुटण्याच्या बेतात असतो तिथे गॅस बंद केला. त्या रश्शाची चव मी इथे वर्णन करणार नाही. माझ्या स्वयंपाकघरात ती अजून आलेली नाही एवढे सांगते. दक्षिणेला अर्ध्या तासावर पोर्ट मॅकडॉनेलला शेवंड मिळते. तिथे तिला क्रे म्हणतात आणि साऱ्या गावाचे अर्थकारण तिच्यावर चालते. २०२० मध्ये चीनने ऑस्ट्रेलियन शेवंडीची आयात थांबवली आणि ती २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. मधली वर्षे त्या बंदरातल्या नावाड्यांना कठीण गेली. मी अर्धी शेवंड लोणी आणि लिंबू पिळून धक्क्यावर उभी राहून खाल्ली. मांस घट्ट, गोड, आणि थंड समुद्राची चव मागाहून जिभेवर येणारी. आई शाकाहारी. तिने माझ्याकडे पाठ करून बोटी पाहिल्या. उत्तरेला कूनावारात चुनखडीवर तांबड्या मातीचा एक चिंचोळा पट्टा आहे, त्यावरच्या द्राक्षांची वाइन जगभर जाते. आम्ही तिकडे फक्त माती पाहायला थांबलो. एके ठिकाणी रस्त्यासाठी बांध कापलेला होता: वर हातभर तांबडी माती, खाली लगेच पांढरा दगड, मध्ये काही नाही.

परतण्याआधी आईने चौथी चूल पाहायची इच्छा बोलून दाखवली. तीन झाल्या असे तिने मोजले होते. मग मी तिला ब्राउन्स लेकवर नेले. तिथे तळे नव्हते. विवर होते, त्याच्या तळाशी गवत होते, आणि गवतावर वाऱ्याच्या रेघा. लेग ऑफ मटन लेकही असाच कोरडा. दोन्हींत पूर्वी पाणी होते. गेल्या शतकभरात या भागातले भूजल खाली गेले आहे: तळ्यातला उपसा, सिंचनाच्या विहिरी, पाइनच्या जंगलांनी पिऊन टाकलेला पाऊस, ओढ दिलेले पावसाळे. निळ्या तळ्याची पातळीही उतरली आहे. कथेत पाणी चार चुलींत चढले होते. दोनांतून ते निघून गेले आहे, आणि कुठला पक्षी ओरडला असेल तर तो कुणी ऐकला असे दिसत नाही.

त्या रात्री आईने मेहकरला मावशीला फोन लावला. स्पीकर चालू होता. तळे, रंग, किटली, पॉसम, चुली, सगळे तिने क्रमाने सांगितले. मावशीने सारे ऐकून विचारले, "तिथं नळाला किती दिवसांनी येतं पाणी?"

"रोज. केव्हाही सोड, येतं."

"आणि पावसाळ्यात गढूळ येतं का?"

आईने माझ्याकडे पाहिले. नाही येत, मी म्हटले. पाऊस दगडातून झिरपून तळ्यापर्यंत यायला वर्षे लागतात, आज नळाला आलेले पाणी केव्हाच्या तरी पावसाचे असते. आईने ते मावशीला सांगितले. पलीकडे थोडा वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, तिच्याकडे स्वयंपाकाची वेळ होती. मग मावशी म्हणाली, "म्हणजे आधीच्यांनी ठेवलेलं पिताहेत ते. आणि काढतात तेवढं परत जातं का गं त्यात?"

"नाही जात," आई म्हणाली. "दोन तळी आटली सुद्धा. मी आजच बघून आले, थांब, तुला नीट सांगते." आणि ती खुर्ची ओढून बसली.